ठकूआत्या बसली तेव्हा

फार वर्षांमागं डोंगरातल्या कुडवळे गावात ठकूआत्या नावाची बाई औषधपाणी करायची. तिच्या पायाला भिंगरी होती. ती इतकी भरभर चालायची की तिची सावली दमून वाटेत बसायची, असं म्हणतात.

तिची आई चंद्राआजी. गावात तिच्याएवढं जुनं माणूस नव्हतं. पार थकली होती, दिवसभर ओटीवर पेंगायची. एके सकाळी तिनं लेकीलाच विचारलं, "कोन गं बाई तू? कुनाची?"

आईनं आपल्याला ओळखावं, एवढा एकच ध्यास ठकूआत्याला लागला. तिनं नाचणीला मोड आणले, ती दळली, त्यात अळीव, गूळ, तूप घातलं आणि बोळक्या तोंडात विरघळतील असे लाडू वळले. रोज सकाळी आईच्या हातावर लाडू ठेवायचा आणि पुढच्या घरी पळायचं. गावात थकलेली माणसं काय थोडी होती?

थंडी आली तरी फरक नाही. चंद्राआजी उलट वाळतच चालली. लोक म्हणाले, "पिकलं पान त्ये, ठके. त्याला कसलं औषद?" लोकांचं काय जातंय बोलायला! ठकूआत्यानं आणखी मुळ्या आणल्या. एका दिवसात सगळे डोंगर पालथे घातले, असं म्हणतात.

मग एकदा गोधडी उन्हात घालावी म्हणून तिनं आईच्या उशाचं गाठोडं उचललं. आत लाडूच लाडू, मुंग्या लागलेले.

"आये, ह्ये खाल्लं का न्हाईस?"

"माझी ठकू रानात गेलीया," म्हातारी म्हणाली. "ल्हान हाय. भुकेजून यील. लेकराआधी मी कशी खाऊ?"

तेव्हा ठकूआत्या जन्मात पहिल्यांदा स्वस्थ खाली बसली. तिनं लाडू मोडला, अर्धा स्वतः खाल्ला. "ठकू जेवली, आये. आता तू खा." म्हातारीनं खाल्लं. मग रोज तसंच. दारात माणसं हाका मारत उभी राहायची, पण ठकूआत्या हलायची नाही.

पुढं चंद्राआजी काठी टाकून पाण्याला जायला लागली, असं म्हणतात. तेवढं मी मानत नाही. पण होळीच्या सुमारास तिनं लेकीच्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "ठके, किती गं चालतीस? दमलीस न्हवं?"

कुडवळ्यात आजही म्हाताऱ्या माणसाला नुसतं ताट वाढून कुणी निघून जात नाही. घरातलं एकजण समोर बसतं, पहिला घास स्वतः खातं आणि सांगतं, "ठकू जेवली." तेवढ्यात एसटी निघून जाते. जाऊ दे.