रंगारीण आत्याच्या सणाच्या गोष्टी

सात डोंगरांच्या अलीकडे एक गाव होतं. त्या गावाच्या अगदी टोकाला, ओढ्याकाठी, एक रंगारीण एकटीच राहायची. गावाची लुगडी-पागोटी ती रंगवून द्यायची. नीळ कालवून कालवून तिची बोटं कायमची निळी झाली होती. माणसं कापड टाकून जायची, कापड घेऊन जायची. घोटभर पाणी प्यायलाही कुणी थांबत नसे. ओढ्याचा आवाज तेवढा दिवसभर सोबतीला.

तिला एक धाकटा भाऊ होता. बारा वर्षांपूर्वी त्याने डोंगरापलीकडच्या, समुद्राकाठच्या मुलीशी लग्न केलं. तिची भाषा निराळी. बाप संतापला आणि त्याने मुलाला घराबाहेर काढलं. रंगारीण तेव्हा दाराच्या आत उभी होती. भावाने एकदा वळून तिच्याकडे पाहिलं. ती काहीच बोलली नाही. पुढे बाप वारला, पण भाऊ काही परत आला नाही.

आणि मग एका वर्षी, दिवाळी आठ दिवसांवर असताना, दाराशी बैलगाडी थांबली. गाडीतून नऊ वर्षांची एक मुलगी उतरली, तिच्यामागून पाच वर्षांचा तिचा भाऊ.

गाडीवान म्हणाला, "बाई, तुमच्या भावाची लेकरं. त्याने सांगितलंय, यांना आपली भाषा यायला हवी, दिवाळीभर ठेवून घे. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी मी न्यायला येईन."

"आणि तो?"

"तो नाही आला," गाडीवान म्हणाला आणि गाडी वळवून निघून गेला.

मुलांना आत्याचा एक शब्द कळेना, आत्याला मुलांचा. ती म्हणाली, "जेवा." ती दोघं गाडी गेली त्या वाटेकडे पाहत बसली. आजवर घरात एकच माणूस गप्प होतं, आता तिघं गप्प होती. आत्याला तर ते घर आधीपेक्षाही रिकामं वाटू लागलं.

तिने गावातल्या पंतोजींना विचारलं. ते म्हणाले, "सोपं आहे. वस्तूचं नाव घेतल्याशिवाय वस्तू द्यायची नाही. चुकलं की तिथल्या तिथे टोकायचं. चार दिवसांत पोपटासारखी बोलतील."

आत्याने पाण्याचा तांब्या हातात धरला आणि मुलीला म्हणाली, "पाणी म्हण."

मुलगी म्हणाली, "पानी."

"पानी नाही, पाणी!"

मुलीने ओठ घट्ट मिटले. दुपार गेली, उन्हं उतरली, तरी ती तहानलेलीच बसून राहिली. शेवटी धाकटा ओढ्यावर गेला आणि ओंजळीतून पाणी घेऊन आला. अर्धं वाटेतच सांडलं होतं. आत्याने ते पाहिलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. 'त्या दिवशी हिच्या बापासाठी मी एक शब्द बोलले नाही, आणि आज हिला बोल म्हणून पाणी तोडते!' तिने तांब्या मुलीपुढे ठेवला, आणि त्यानंतर तिने काहीही म्हणायला लावलं नाही.

वसुबारस आली. दिवेलागणीला आत्या मुलांना घेऊन गोठ्यात गेली. गाय-वासराची पूजा केली आणि तिथेच गवतावर बसून गोष्ट सांगू लागली. एक गाय होती, तिचं वासरू हरवलं. आत्या स्वतःच गाय झाली. हातापायांवर रांगत, हंबरत गोठाभर फिरली. "वासरा, वासरा, कुठे गेलास?" गाय नदीवर गेली, "वासरा, वासरा, कुठे गेलास?" गाय रानात गेली, "वासरा, वासरा..."

"कुठे गेलास?" धाकटा एकदम बोलला. आणि लगेच बहिणीच्या पाठीमागे लपला.

दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशीला आत्याने पणती लावली आणि तिच्याकडे बोट दाखवून मुलीला खुणेने विचारलं, तुमच्याकडे याला काय म्हणतात?

मुलीने पणतीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "तिमू."

"तुमी," आत्या म्हणाली.

दोन्ही मुलं खो खो हसत सुटली. धाकट्याने उकिडवं बसून उडी मारून दाखवली, 'डरांव' केलं. त्यांच्या भाषेत तुमी म्हणजे बेडूक! आत्याने त्या संध्याकाळी दहा वेळा दिव्याला बेडूक म्हटलं. काही वेळा चुकून, काही वेळा मुद्दाम. मुलं पहिल्यांदाच पोटभर जेवली.

मग रोज सण आणि रोज गोष्ट. नरकचतुर्दशीला उटणं लावता लावता, पाडव्याला रांगोळीत रंग भरता भरता. शब्द साधे, आणि तेच तेच पुन्हा. आत्या गोष्ट मध्येच थांबवायची, मग मुलं ती आपली आपण पुढे न्यायची. पंतोजी एकदा अंगणात आले, तेव्हा धाकटा सांगत होता, "गाय आला. वासरू बघितला."

"आला नाही, आली म्हण!" पंतोजी गरजले.

मुलगा जागच्या जागी गोठला. आत्याने पंतोजींना हाताने थोपवलं आणि मुलाला म्हणाली, "हो, गाय आली. तिने वासरू बघितलं. मग काय झालं रे?"

"मग..." मुलाने पंतोजींकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं. "मग गाय रडली."

पंतोजी आल्या पावली परत गेले.

भाऊबीज आली. गावात घरोघरी भाऊ आले होते, अंगणाअंगणांत पाट मांडले होते. आत्याने धाकट्याला बसवून बहिणीकडून ओवाळून घेतलं. मग ती निरांजन घेऊन एकटीच ओढ्याकडच्या बाजूला गेली. मावळतीला बीजेची बारीक कोर दिसत होती. ज्या बहिणीचा भाऊ येत नाही ती चंद्राला ओवाळते. आत्या बारा वर्षं त्याला ओवाळत होती.

मुलगी मागोमाग आली होती. तिने विचारलं, "आत्या, चांदोबा... भाऊ?"

"हो गं. माझा भाऊ आला नाही ना. म्हणून चांदोबा."

मुलगी विचारात पडली. कपाळाला आठ्या घालून ती एकेक शब्द गोळा करू लागली. आत्या थांबून राहिली. तिने एकही शब्द पुढे केला नाही.

"बाबा... दिवाळी... दार लावतो. आत बसतो. बाबा रडतो." मुलगी थांबली. "बाबा बोलला, ताई राग. ताई घरात नको बोलेल."

आत्याने निरांजन खाली ठेवलं आणि मुलीला जवळ घेतलं. इतकी वर्षं तिला वाटत होतं, भाऊ विसरला. आणि भावाला वाटत होतं, ताई अजून रागावलेली आहे! मुलीचं एकही वाक्य धड नव्हतं, तरी तिने आत्याची बारा वर्षं उलगडून दाखवली होती.

दुसऱ्या दिवशी गाडीवान आला, तेव्हा आत्याने रंगाची भांडी पालथी घातली, गाय शेजारी सोपवली आणि निरांजन पदरात गुंडाळून ती मुलांबरोबर गाडीत बसली.

चार दिवसांनी गाडी समुद्राकाठी पोचली. भाऊ मिठागरात मीठ ओढत होता. बांधावर उभ्या असलेल्या बाईची निळी बोटं दिसली आणि त्याच्या हातातलं फावडं गळून पडलं. इतक्या वर्षांत आपली भाषा त्याच्याही तोंडातून निसटली होती. अडखळत तो म्हणाला, "ताई... तू... रागावली होतीस ना?"

"नाही रे. मी घाबरले होते. त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

भाऊबीज होऊन गेली होती, मुहूर्त नव्हता, पाट नव्हता. आत्याने तिथेच निरांजन लावलं. पण खारा वारा ज्योत टिकू देईना. तेव्हा भावाची बायको पुढे आली. नणंदेची भाषा तिला येत नव्हती. तिने नुसते आपले दोन्ही हात ज्योतीभोवती धरले, आणि बहिणीने भावाला ओवाळलं.

तात्पर्य: टोकून टोकून मूल गप्प होतं. त्याचे मोडके शब्द जो मायेने आणि धीराने ऐकतो, त्याच्यापाशीच ते नवी भाषा बोलायला शिकतं.