मोज्यातली गाठ

एकदा एक बाई हौस म्हणून मोजे विणायला शिकली आणि त्यात तिच्या वडिलांचा पाय गेला. असं सांगितलं की लोक आधी हसतात. हसू द्यावं. मोज्यानं कुणाचा पाय कसा जाईल, हा प्रश्न रास्तच आहे. पण जरा दम धरा. जो पाय गेला तो गेला. मला सांगायचं आहे ते उरलेल्या पायाविषयी.

डोंगरमाथ्यावरच्या एका थंड गावात एक वृद्ध गुरुजी राहत. जन्मभर शाळेत गणित शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर सुया-लोकर घेऊन ओसरीवर बसले. पुरुषमाणूस विणकाम करतो म्हणून गावानं काही दिवस टवाळी केली. मग थंडी पडली आणि टवाळी करणारेच मोजे मागायला आले. गुरुजी मोजे विकत नसत, कोणाला फुकटही देत नसत. ज्याला हवे असतील त्याला शिकवत, आणि शिकवताना गणिताच्या तासाइतकेच कडक असत. त्यांचा मुख्य नियम असा, की मोज्यात गाठ मारायची नाही. लोकर संपली तर जुना धागा आणि नवा धागा एकत्र धरून काही टाके विणायचे, आणि उरलेली टोकं सुईनं टाक्यांतून ओवून जिरवायची. स्वेटरात एखादी गाठ खपते, ते म्हणत, पण मोज्यावर माणूस उभा राहतो. गाठ सापडली की मोजा सगळा उसवायला लावत, मग तो कितीही देखणा असो.

त्यांच्या शिष्यांत विशाखा नावाची एक बाई होती. तालुक्याच्या कचेरीत नोकरी, लग्न केलेलं नाही, घरी ती आणि तिचे वडील आप्पा. हात फार चांगला. मोज्याची टाच वळवताना बाकीचे रडकुंडीला येत, तिला ते सहज जमे. कचेरीत जेवणाच्या सुट्टीत ती विणत बसे आणि मैत्रिणी तोंडभरून कौतुक करत. कौतुक कोणाला नको असतं? आणि कौतुक करणारा माणूस मोजा हातात घेतो तेव्हा बाहेरूनच बघतो.

आप्पांना साखरेचा आजार जुना होता. या आजारात पुष्कळांच्या पावलांची संवेदना हळूहळू जाते, तशी त्यांचीही गेली होती. चपलेत खडा गेला तरी त्यांना पत्ता नसे. संध्याकाळी चप्पल झटकली की खडा खाली पडे, आणि दिवसभर आपण याच्यावरून चाललो, असं तेच सगळ्यांना हसून सांगत.

त्यांच्या वाढदिवसासाठी विशाखानं निळ्या लोकरीचे, नक्षीचे मोजे विणायला घेतले. दुसरा मोजा बोटांपाशी आला आणि लोकर संपली. नवी लडी घरात होती, पण वाढदिवस दुसऱ्याच दिवशी होता आणि टोकं जिरवत बसायचा तिला कंटाळा आला. तिनं चटकन गाठ मारली, आतल्या बाजूला ढकलली आणि पुढे विणलं. आतून कोण बघतंय, असं तिच्या मनात आलं. आपल्या सगळ्यांच्याच मनात येतं.

आप्पा मोज्यांवर बेहद्द खूश झाले. दिवसभर पायात, झोपतानाही पायात. कोणी आलं की पाय पुढे करून नक्षी दाखवत. आणि ती गाठ त्यांच्या करंगळीला घासत राहिली. दुसरा कोणी असता तर त्यानं तासाभरात मोजा काढून फेकला असता. आप्पांना काही जाणवलंच नाही. फोड आला, फुटला, चिघळला, आणि वास यायला लागला तेव्हा कुठे घरात कळलं. आधी करंगळी काढली. तेवढ्यानं भागलं नाही. शेवटी गुडघ्याखाली पाय कापावा लागला.

डॉक्टरांनी विचारलं होतं, कशानं लागलं. आप्पा म्हणाले, माझाच हलगर्जीपणा, अंगणात अनवाणी फिरलो असेन, काहीतरी टोचलं असेल. विशाखा शेजारीच उभी होती, आणि तिलाही तेव्हा तेच खरं वाटलं. पुढे घरी आल्यावर तिनं ते मोजे धुवायला घेतले आणि तिच्या बोटांना गाठ लागली. वाळलेल्या रक्तानं ती कडक झाली होती. विशाखानं नळ बंद केला. मग तो मोजा कपाटाच्या तळाशी टाकला आणि कोणाजवळ एक शब्द काढला नाही.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आप्पा एकच सांगत. माझ्या मूर्खपणानं माझा पाय गेला आणि त्याची शिक्षा या पोरीला झाली. असं म्हणताना त्यांचे डोळे भरून येत. विशाखा चहाच्या निमित्तानं आत निघून जाई. सेवेत तिनं काही कमी केलं नाही. चाकाची खुर्ची आणली, पथ्याचा स्वयंपाक केला, औषधं वेळेवर दिली, अंघोळीसाठी बाई ठेवली. नातेवाईक म्हणत, लेक असावी तर अशी. पण एक गोष्ट तिच्याच्यानं होत नव्हती. डॉक्टरांनी बजावलं होतं की उरलेला पाय रोज बघायचा, तळवा, टाच, बोटांच्या बेचक्या, सगळं, कारण तोही पाय बधिर आहे आणि त्याला काही झालं तर तो सांगणार नाही. आप्पांनी पांघरुणातून तो पाय बाहेर काढला की विशाखा खोली सोडून जाई. रोजचं सोडाच, त्या पायाकडे तिनं एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

विणकाम तर तिनं केव्हाच सोडलं होतं. एक दिवस ती गुरुजींच्या सुया परत करायला गेली. सुया ओसरीवर ठेवून निघणार, तोच गुरुजींनी विचारलं की आप्पा कसे आहेत, आणि तिचा बांध फुटला. गाठीपासून कपाटापर्यंत सगळं तिनं सांगून टाकलं. गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी समजूतही घातली नाही. ऐकून झाल्यावर एवढंच विचारलं, "उरलेला पाय कोण बघतं?"

"अंघोळीला बाई येते."

"ती धुते. बघतं कोण?"

विशाखा जायला वळली. तेव्हा गुरुजींनी लोकर काढून तिच्यापुढे ठेवली आणि सांगितलं की इथे माझ्यासमोर बसून एक मोजा विण, एकच. ती म्हणाली की या हातांनी मी त्यांचा पाय घालवला, आता लोकरीला शिवणार नाही. गुरुजी म्हणाले, गाठ काय करते हे मी इतकी वर्षं नुसतं सांगत आलो, माझ्या सगळ्या शिष्यांत ते कळलंय फक्त तुला, मग तू नाही विणायचा तर कोणी?

ती कचेरी सुटल्यावर रोज येऊन विणू लागली. गुरुजींनी मुद्दाम तुटकी लोकर दिली होती. थोडं विणलं की धागा संपे, पुन्हा नवा धागा घ्यावा लागे. प्रत्येक ठिकाणी तिनं दोन्ही धागे धरून टाके घातले, टोकं ओवून जिरवली. कधी विणताना रडे, गुरुजी तिकडे बघत नसत. मोजा पुरा झाला तेव्हा त्यात एकही गाठ नव्हती. बाहेरून तर तो इतका सुबक होता की पूर्वीच्या मैत्रिणींनी तो हातोहात फिरवला असता.

गुरुजींनी मोजा घेतला, आत हात घातला आणि तो उलटा केला. सुबक बाजू आत गेली. खडबडीत बाजू, धाग्यांची जिरवलेली टोकं, सगळं वर आलं. आणि म्हणाले, हा असाच घेऊन जा, असाच त्यांच्या पायात घाल.

विशाखाला वाईट वाटलं, थोडा रागही आला. ती म्हणाली, "गुरुजी, आता तर यात काही चूक नाही. मग उलटा का?"

गुरुजी म्हणाले, "सुलट बाजू आपण बाहेर ठेवतो, कारण बाहेर बघणारे असतात. आत नुसता पाय असतो. जो पाय दुखलं तरी सांगू शकत नाही, त्याच्याकडे मऊ बाजू हवी. खडबडीत बाजू लोकांना दिसली तर दिसू दे, लोकांना काही टोचत नाही. तू एकदा गाठ आत ढकललीस, ती मोज्यात. दुसऱ्यांदा ढकललीस, ती कपाटात. तुझे वडील रोज उठून स्वतःला दोष देतात. त्यांना काहीतरी घासतंय, विशाखा, आणि काय घासतंय ते त्यांना माहीत नाही. तुला माहीत आहे."

तिनं विचारलं, "सांगितलं तर ते मला क्षमा करतील?"

"ते मी कसं सांगू? क्षमा मिळावी म्हणून सांगणार असशील तर नको सांगूस. त्यांना घासणारी गाठ काढायची आहे, म्हणून सांग."

ती घरी गेली, आप्पांच्या पायथ्याशी बसली आणि सांगितलं. कपाटातून मोजा काढून आणला आणि त्यांच्या हातात दिला. आप्पांनी गाठीवरून बोट फिरवलं. हाताच्या बोटांना अजून सगळं कळत होतं. मग त्यांनी उरलेला पाय पांघरुणात ओढून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं.

मी ही गोष्ट गोड करून सांगणार नाही. त्या दिवशी आप्पा जेवले नाहीत. पुढेही ते अंघोळीच्या बाईशी बोलत, लेकीशी बोलत नसत. बाईलाही पायाला हात लावू देईनासे झाले. म्हणजे आधी तो पाय बघितला जात नव्हता, आता धुतलाही जात नव्हता, आणि ही सगळी खरं बोलल्याची कमाई. दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, याच्यापेक्षा गप्प बसले होते तेच बरं होतं. विशाखाच्याही मनात ते आलं असेल. पण एवढं झालं, की आता ती खोली सोडून जात नव्हती. रोज सकाळी कोमट पाणी आणि पंचा घेऊन पायथ्याशी बसे. पाणी गार होई. आप्पा भिंतीकडे बघत राहत. मग ती पाणी उचलून कचेरीला जाई आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा येऊन बसे. उशाशी गुरुजींसमोर विणलेला तो एक मोजा उलटाच ठेवलेला असे.

अशाच एका सकाळी आप्पा भिंतीकडे तोंड ठेवूनच बोलले.

"इतके महिने मी मलाच शिव्या घालत होतो. झोप लागत नव्हती. आता तुझा राग येतो. फार येतो. पण झोप लागते."

आप्पांनी कूस बदलली, पाय पांघरुणाबाहेर काढला आणि तिच्यापुढे ठेवला.

"बघ," ते म्हणाले. "मला काही कळत नाही."

तिनं पाय मांडीवर घेतला. तळवा पाहिला, टाच पाहिली, एकेक बेचकी उघडून उजेडाकडे धरून पाहिली. शेवटच्या दोन बोटांमध्ये कातडी भेगाळली होती. भेगेची कड लाल झाली होती आणि आत ओलसर होतं. तिचे हात थांबले, ते आप्पांच्या लक्षात आलं.

"आहे काही?"

"आहे, आप्पा."

"मोठं?"

"नाही. आत्ताच सुरू झालंय."

"मग चल," आप्पा म्हणाले, आणि खुर्चीत बसण्यासाठी त्यांनी हात पुढे केला. तो हात तिनं धरला.

डॉक्टर म्हणाले की आणखी थोडे दिवस असंच गेलं असतं तर हाही पाय हाताबाहेर गेला असता. भेग भरायला वेळ लागला, पण पाय राहिला. आप्पांचा राग पुरता गेला की नाही, ते मला माहीत नाही. रागातही ते रोज सकाळी पाय पुढे करत आणि ती रोज बघत असे, एवढं खरं. तुमच्या घरात कधीच दुखतंय न म्हणणारं जे माणूस असेल, त्याच्यापाशी आज जरा बसा, आणि बघू का, असं विचारा.