जपलेला हात

डोंगरावर चेंडूफेकीचे सामने होत, त्या जुन्या काळची गोष्ट. हंगाम संपला आणि नामी फेकणारा हुप्प्या वानर करारातून मोकळा झाला. अस्वलांचा म्हातारा पुढारी मध घेऊन आला, रानडुकरांचा म्हातारा फणस घेऊन. दोघांनीही जन्मात चेंडू उचलला नव्हता.

"पुढच्या हंगामात आमच्याकडे ये, बाळा. तोवर फेकू नकोस, हात जप," दोघंही म्हणाले.

"मग करू काय?"

"खा!"

कुणाला हो म्हणावं, हुप्प्याला कळेना. तो गोंधळून नुसता खात राहिला. शेवटी मध जास्त आला म्हणून नव्या हंगामात अस्वलांकडून मैदानात उतरला. पहिलाच चेंडू त्याच्याच पायाशी पडला. तो आपल्या हाताकडे बघतच राहिला.

"हल्लीच्या पोरांना मेहनत नको," अस्वलांचा म्हातारा खेकसला.

रानडुकरांच्या म्हाताऱ्यानं पहिल्यांदाच त्याच्या बोलण्याला मान डोलावली.