वेशीवरचा ठोका

फार फार वर्षांपूर्वी, गावांना वेशी होत्या आणि वेशींना दारे होती, तेव्हाची ही गोष्ट आहे.

एका गावाच्या वेशीचे दार तांब्याच्या पत्र्याने मढवलेले होते. तिथे एक रीत होती. लेक सासरी निघाली की वेशीपाशी थांबायची, हातोडी घ्यायची आणि त्या पत्र्यावर एक ठोका मारायची. पुढे माहेरी आली की आधी आपला ठोका शोधायची, त्यावरून हात फिरवायची आणि मगच घरी जायची. किती साधी रीत, पण किती गोड!

वर्षे गेली. दार काळवंडले. कुठे पत्रा उचकटला, कुठे गाडीची धडक बसून चेपला. तेव्हा पंचांनी गावातल्या म्हाताऱ्या तांबटाला बोलावले. त्याच्या हाताला तोड नव्हती, आणि हे त्याला स्वतःलाही चांगलेच ठाऊक होते!

त्याच सुमारास त्याच्या थोरल्या बहिणीचा निरोप आला. ती आता थकली होती. ही माहेरची शेवटचीच खेप, असे तिने कळवले होते. तांबटाने ठरवले, आक्का येईल तेव्हा दार असे झळकले पाहिजे, की तिचे डोळे दिपावेत.

त्याने पत्रे उतरवले, भट्टीत तापवून मऊ केले, चिंचेने घासले आणि तो एकेक पोचा ठोकून काढायला बसला.

बायको म्हणाली, "अहो, सगळेच पोचे काढू नका. त्यात पोरींचे ठोके आहेत."

"तू तुझी चूल बघ," तांबट म्हणाला. "माझ्या कामात पोचा राहिला, तर लोक मला हसतील."

मऊ पत्र्यावर त्याचा हात एकदा चालू लागला की थांबत नसे. दार लखलखले. गाव वाहवा करू लागले आणि तांबट हरखून गेला.

आक्काची गाडी आली. ती काठी टेकत उतरली. दाराची झळाळी तिने पाहिलीही नाही. ती वाकली आणि खालच्या कोपऱ्यात चाचपू लागली.

"इथंच होता ना रे आपला ठोका?"

'आपला' हा शब्द ऐकला आणि तांबटाला विसरलेले सगळे आठवले. आक्का सासरी निघाली तेव्हा तो एवढासा होता, तिचा पदर सोडत नव्हता. तिने त्याच्या मुठीत हातोडी दिली, वर आपला हात ठेवला आणि दोघांनी मिळून तो ठोका मारला. म्हणून तर तो इतका खाली होता.

त्याने घाईघाईने हातोडी पुढे केली. "आक्का, आत्ता मार. त्याच जागी मार."

आक्काने हातोडी घेतली, थोडा वेळ धरली आणि परत दिली.

"मारीन रे. पण तुझी ती इवलीशी मूठ आता कुठून आणू?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तेच त्याला सहन झाले नाही. भर वेशीत तो लहान मुलासारखा रडला.

आक्का पुन्हा आली नाही. दुसऱ्याही माहेरवाशिणी त्या चकचकीत दारापाशी न थांबता आत जाऊ लागल्या. तांबटाकडे कुणी जुने तांबे दुरुस्तीला आणले, की भट्टी पेटवण्याआधी तो हळूच विचारायचा, "यातला कुठला पोचा ठेवायचा?"

तात्पर्य: जुन्या वस्तूचा मळ काढावा, तिच्यावरची माणसांची खूण पुसू नये.