जिऊच्या चाकाची कहाणी

ऐका बायांनो. कुणीतरी आपल्याला नवरा मागायला शिकवलं, नवऱ्याला विचारायला शिकवलं नाही. ज्यानं हे केलं, त्यानं ही कहाणी कान देऊन ऐकावी.

नदीकाठी आटपाट गाव. तिथं लिंबाजी कुंभार, त्याची लेक जिऊ, आणि नवरा गेल्यावर माहेरी आलेली आत्या. लेकीनं चाकाला शिवू नये, अशी तिथली रीत. पण लिंबाजीचे हात थरथरू लागले, चूल थंडावली. मग जिऊ चाकावर बसली. मातीला आकार आला, घरात भाकरी आली. आत्या म्हणे, "तुला आता कोण करून घेणार?"

तरी स्थळं येऊ लागली. जिऊ देवळात गेली, गौरीपुढं रडली. चाक सोडलं तर मी कोण, म्हणाली. गौर बोलली, "मीही बापानं ठरवलेलं स्थळ नाकारून रानात गेले होते. तू वसा घे. येईल त्याला विचार, तुझ्या घरी चाकावर बसू देशील का? भिऊ नको, चिडू नको, विचारल्यावाचून राहू नको."

पहिला आला. म्हणाला, चाक बाप्याचं, तू माती मळ. जिऊनं त्याला गूळपाणी देऊन वाटेला लावलं. मग दुसरा आला. म्हणाला, पोरं झाली की हौस फिटेल. त्यालाही गूळपाणी दिलं. मग तिसरा आला. म्हणाला, बस, पण मडकी माझ्या नावानं विकीन. त्याला नुसतं पाणी दिलं, गूळ संपला होता.

वर्षं गेली, जिऊचा प्रश्न गावभर झाला. पाटलाच्या तुळजेचं लग्न निघालं. बोहल्याभोवती रचायची मडकी आणायला पाटलीणबाई वाजतगाजत आल्या. चाकावर बिनलग्नाची जिऊ पाहिली, तशाच परतल्या. परगावाहून मडकी आणवली, ती गाडीत फुटली. वऱ्हाड तर वेशीत आलेलं. मग पाटलीणबाई मान खाली घालून आल्या. जिऊ म्हणाली, "मडकी न्या, पण चाकाला नि मला हळदकुंकू लावून." त्यांनी लावलं.

मडकी रचली. अंतरपाट धरला. तुळजा मडक्यांकडं बघत राहिली. मग अंतरपाटापलीकडच्या नवऱ्याला म्हणाली, "आमच्या मळ्याची पेरणी, पाणी मी बघते. तुमच्याकडं बघू द्याल?"

नवरा बापाकडं बघू लागला. मग तुळजा बोहल्यावरून उतरली. पाठोपाठ करवल्या उतरल्या, हसत. पाटलीणबाई लेकीला अडवायला उठल्या, आणि परत बसल्या. मडकं मात्र एकही फुटलं नाही.

जशी जिऊला गौर पावली, तशी तुम्हांआम्हां पावो. पुष्कळ सोसण्याची ही कहाणी एका प्रश्नानं सुफळ झाली.

दुसऱ्या दिवशी आत्या पदर खोचून चाकापाशी आली. म्हणाली, "जरा सरक गं. आणि पाट दे, माझे गुडघे वाकत नाहीत."