कप्प्यात आलेली सत्तावीस

यंत्रंही एकमेकांशी मनातलं बोलायची, त्या काळातली ही गोष्ट. एका प्रोसेसरच्या पोटात एक इवलासा कप्पा होता. त्यात एका वेळी एकच संख्या मावायची. प्रोसेसरचा मुकादम एकेक हुकूम वाचायचा, घड्याळाचा ठोका पडायचा आणि कप्प्यात एक संख्या यायची. तिची बेरीज-वजाबाकी झाली की ती लांब मेमरीच्या खोल्यांकडे निघून जायची. कप्पा तिच्या वाटेकडे बघत राहायचा. आपल्याकडे कुणीच मुक्कामाला राहत नाही, याची त्याला फार हुरहूर लागलेली असे.

एकदा सत्तावीस आली. "किती उबदार आहे रे तुझ्याकडे!" ती म्हणाली. तेवढ्यावर कप्पा विरघळला.

मुकादमाने हुकूम वाचला, "सत्तावीसला खोलीत पोचव."

"आजचा दिवस राहू दे ना तिला!" कप्पा म्हणाला.

"अरे, पुढची संख्या दारात उभी आहे. सोड तिला."

कप्प्याने सत्तावीसला घट्ट धरून ठेवलं. ठोका मात्र थांबला नाही. दारातली ती संख्या, चार, आत आली आणि सत्तावीस होती तिथेच पुसली गेली.

"कुठे गेली ती?" कप्प्याने कळवळून विचारलं.

"कुठेच नाही," मुकादम हळूच म्हणाला. "खोलीत पोचली असती, तर पुन्हा बोलावता आली असती."

चार बिचारी अंग चोरून बसली होती. मुकादमाने तिला पोचवायचा हुकूम वाचायला घेतला. तो पुरा व्हायच्या आत कप्प्यानेच तिला वाट करून दिली.

"जा बाई लवकर," तो म्हणाला, "आणि नीट पोच."