आवडीची डोण

खोलवलीच्या पोफळीच्या वाडीत शिरताना बेड्यापाशी, म्हणजे फाटकापाशी, ही पाण्याची दगडी डोण लागते. पाय आणि कुदळ धुतल्याशिवाय आत पाऊल टाकायचे नाही, मग पाहुणा कितीही मोठा असो. ही रीत आवडी नावाच्या सुनेने घातली, असे सांगतात.

आवडी वरच्या गावच्या धाकोजीची लेक. तेव्हा लेक सासरी निघाली की बाप तिच्या पदरात वाडीतली मूठभर माती बांधी आणि लेक ती सासरच्या रोपांना घाली. माहेर मुळाशी राहते, अशी समजूत. आवडीनेही मोठ्या हौसेने माती घातली. दोन वर्षांत पोफळी पिवळ्या पडू लागल्या, शेंडे गळाले. उपटून पाहावे तर मुळे काळी, कुजलेली. सासू गंगाबाय म्हणाली, "पांढऱ्या पायाची सून!" उरलेली एक ओळ गेली की हिला माहेरी धाडायचे, असे ठरले.

आवडी रडली, पण डोळे उघडे ठेवून. आधी मेली ती माहेरची माती घातलेली झाडे, मग पाटाच्या खालच्या अंगाची. ती तडक माहेरी गेली. तिथेही पोफळी मरून वाडी बसली होती. बापाने अब्रूपायी लपवले होते, आणि निघताना त्याने पुन्हा मूठभर माती पुढे केली.

"नको, बाबांनू."

"माहेरची माती वायट कशी आसात गो?"

"वायट नाय. दुखणेकरी आसा."

माहेरच्या मातीला नाही म्हणताना तिचा जीव तुटला म्हणे. सासरी येऊन तिने मेलेली झाडे मुळांसकट जाळली, उरलेल्या ओळीकडे जाणारा पाट तोडून मध्ये खोल चर खणला, बेड्यापाशी डोण बसवली. ही ओळ जगेपर्यंत पाय धुतल्याशिवाय आत जाणार नाही, असा नेम धरला. सगळे हसले. चार महिने पाऊस कोसळून गेला, दिवाळी आली, तरी ओळ हिरवीगार! आवडीने खोडाला मिठी मारली आणि पोटभर रडली. मागून गंगाबाय तांब्या घेऊन आली. तिने सुनेच्या पायांवर पाणी घातले.

आजही इथली लेक माती नेत नाही, रुजवायला धुतलेली पिकली सुपारी नेते. आणि आजही सुनेचे पाय इथे सासूच धुते. माझे धुतले होते, मी माझ्या सुनेचे धुतले. या, चपला काढा, पाय पुढे करा.